वळणावरची मोरी

दादाने मला विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर सगळा दोष त्या बिचाऱ्याच्या माथी जायचा. त्याने विचारलंच नाही. त्या दिवसांत गावात जो भेटेल तो मला विचारत होता. दूधवाला विचारत होता, शेजारीण विचारत होती, दातांचा डॉक्टर तर माझं तोंड उघडं ठेवून, आत चिमटा घालून विचारत होता, "रेघ कुठून जातेय हो?" आणि ज्याचं पोट त्या रेघेवर अवलंबून होतं तो माझा सख्खा भाऊ माझ्यासमोर बसून मुकाट्याने चहा पीत होता. बशीत बिस्किटाचा तुकडा पडला होता, तो बोटाने उचलून खात होता. माझा जीव तिथेच गेला.

रेघ म्हणजे काय ते सांगते. मी नगररचनेच्या ऑफिसात नकाशे काढते. ऑफिसात मला रेघबाई म्हणतात. पहिल्यांदा राग यायचा, आता हाक मारल्यासारखं वाटतं. आमच्या शहराला पाणी येतं ते डोंगराखालच्या तलावातून. मागच्या उन्हाळ्यात ते पाणी हिरवं झालं, नळाला कुबट वास सुटला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा कुठे वरच्या लोकांना जाग आली. ठरलं असं की ज्या ज्या जमिनीवरचं पाणी उतरून तलावात येतं, त्या सगळ्या जमिनीभोवती एक रेघ आखायची. रेघेच्या आत गॅरेज नको, गोठा नको, रंगाचं गोदाम नको. जे असतील त्यांनी मुदतीत बाहेर जायचं. रेघेच्या बाहेर तुम्ही आणि तुमचं नशीब.

दादाचं गॅरेज तलावाच्या अंगाला, डोंगरावरच्या रस्त्याच्या खालच्या बाजूला होतं. जागा भाड्याची. ती आत जाणार हे सांगायला नकाशा लागत नव्हता. दादालाही कळत होतं. तो एवढंच म्हणाला, "पाणी आपणही तेच पितो. जा म्हणाले तर जाऊ."

"जाऊ म्हणजे कुठे जाऊ?" वहिनी आतून ओरडली. "गॅरेज काय डोक्यावर घेऊन हिंडणार आहात?"

तो हसला. त्याला असंच हसता येतं, सगळ्यावर पाणी पडणार असलं तरी.

आता त्याच्याबद्दल थोडं. लहानपणी माझ्या हाताला भोकं होती. बरणी, आरसा, वडिलांचा चष्मा, शेजारच्यांच्या खिडकीची काच, काही म्हणून टिकायचं नाही. फुटलं की मी आधी दादाकडे पळायचे. तो मला बोलूसुद्धा द्यायचा नाही. "तू आत जा," म्हणायचा. मग बाहेरून त्याचा आवाज यायचा, "माझ्या हातून पडलं." आणि पाठोपाठ वडिलांच्या हाताचा आवाज. मी आत कान झाकून बसायचे आणि, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटायचं. पुढे वडील गेले आणि दादाने शाळा सोडून गॅरेजात पाना हातात घेतला. मी नकाशांचं शिकायला लागले तेव्हा मोठं टेबल हवं होतं. त्याने भंगारातल्या एका व्हॅनचं दार आणलं, घासून गुळगुळीत केलं, खाली लोखंडी पाय जोडले. ते टेबल अजून माझ्या घरी आहे. दाराचं हँडल काढायचं तो विसरला होता. मी पट्टी त्याला अडकवते.

तर असा तो भाऊ समोर बसून काही विचारत नव्हता, आणि मला राहवेना.

"दादा," मी म्हटलं, "जागा बघत असशील तर रस्त्याच्या वरच्या अंगाला बघ. वळणावर."

त्याने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. "मी काही ऐकलं नाही," म्हणाला. "आणि तू काही बोलली नाहीस. कळलं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण मला त्या वेळी इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला काहीतरी देत होते. नकाशा लोकांसमोर येण्याआधी त्यातलं अक्षर बाहेर फोडणं म्हणजे नोकरीवर निखारा ठेवणं, हे मला माहीत होतं. तेही मला बरंच वाटलं. फुकटचं दिलेलं देणं कसलं!

चूक माझी इथेच संपली असती तरी चाललं असतं. पण आमच्या ऑफिसची एक पद्धत आहे. रेघ होईल तेवढी अशा गोष्टीवरून न्यायची जी जमिनीवर उभं राहून बोट दाखवता येते. रस्ता, भिंत, ओढा. नाहीतर लोक जीव खातात. एकदा एक रेघ कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून गेली होती, तर चूल आत की बाहेर यावर वर्षभर भांडण चाललं. डोंगराची धार जिथून जाते, तिथूनच जवळजवळ सगळीकडे तो जुना रस्ता जातो. धारेच्या अलीकडचं पाणी तलावात उतरतं, पलीकडचं मागच्या खोऱ्यात. म्हणून मी रेघ सरळ रस्त्यावर ठेवून दिली. खालची, तलावाकडची बाजू आत, वरची, पलीकडची बाजू बाहेर. आमच्या साहेबांनीही मान डोलावली. वळणावर मी पायी जाऊन बघितलंच नव्हतं. खुर्चीत बसून डोंगर चढायची सवय लागली की असंच होतं.

वळणावर, रस्त्याच्या वरच्या अंगाला, लाकडाची एक वखार बंद पडून होती. दादाने ती घेतली. जुन्या जागेची किल्ली मुदत सुरू होण्याआधीच मालकाला देऊन टाकली, होतं नव्हतं ते सगळं वखारीत घातलं. जमिनीवर काँक्रीट ओतलं. गाड्या धुवायला रॅम्प बांधला, त्याला बाजूने गटार काढलं, सगळं कसं पद्धतशीर. पाटी रंगवायला टाकली. वहिनी तर दिवसभर तिथेच असायची, जुन्या विटा निवडत, डोक्याला फडकं बांधून. मी गेले की म्हणायची, "ये गं, मालकीणबाई!"

मग आल्या पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर बाई. उंच, रोखठोक, चालताना मागे न बघणाऱ्या. नकाशा त्यांच्या सहीला गेला तर त्यांनी तो गुंडाळून काखेत मारला. म्हणाल्या, "रेघ माझ्या पायाखालून गेल्याशिवाय सही नाही. चला."

साहेबांनी मला त्यांच्याबरोबर पाठवलं. ऑफिसची जीप लावायला डोंगरावर जागा अशी एकच, दादाची वखार. दादा तर हरखूनच गेला. ड्रायव्हरला खुर्ची दिली, बाईंना पाणी दिलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही जाऊन या फिरून, तोवर गाडी धुऊन ठेवतो. नव्या रॅम्पवरची पहिली गाडी तुझ्या ऑफिसची! बोहनी तुझ्या हातची." मी नको म्हटलं, पण तो ऐकतोय कुठला. पाइप सुरूसुद्धा केला.

आम्ही रस्त्याने चालत लांबवर गेलो आणि परत येताना तलावाच्या काठाने आलो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, सगळीकडे राड. बाईंच्या बुटात खडा गेला म्हणून त्या एका दगडावर टेकल्या आणि बुटाच्या नाड्यांशी भांडायला लागल्या. मी चार पावलं पुढे झाले. वळण माझ्या बरोबर डोक्यावर होतं. समोर घाणेरीची झुडपं माजली होती आणि त्यांच्या आडून पाणी वाहिल्याचा आवाज येत होता. फांदी बाजूला केली तर दगडी मोरीचं तोंड. रस्ता बांधणाऱ्यांनी कधीकाळी वरचं पाणी रस्त्याखालून खाली सोडायला बांधलेली मोरी. आमच्या एकाही नकाशात ती नव्हती.

आणि तिच्यातून फेस येत होता. गुलाबी फेस.

दादा गाड्या धुवायला जो शॅम्पू वापरतो त्याचा फेस गुलाबी असतो. लहानपणी माझ्या मुलीला तो फार आवडायचा, हातावर घेऊन फुंकायची. तो फेस मोरीतून हळूच बाहेर येत होता, दगडावरून घसरत होता आणि तलावाच्या पाण्यावर पसरत होता. माझ्याच ऑफिसच्या जीपचा मळ. मला आधी कळेचना. मग कळलं. धार इथे रस्त्यावर नव्हतीच. ती वखारीच्या मागे, वर होती. वखारीवर पडलेला थेंब न् थेंब तलावात येत होता. वखार रेघेच्या आत होती, आणि दादाला तिथे मी पाठवलं होतं. आगीतून काढून फुफाट्यात.

"काय आहे तिकडे?" बाईंनी मागून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चिखल आहे नुसता, येऊ नका."

फांदी सोडून दिली. आम्ही वर आलो. जीप लखलखत होती. दादा बॉनेटवरून फडकं फिरवत होता. "बघ," म्हणाला, "तोंड बघ त्यात." मी बघितलं नाही.

बाईंनी दुसऱ्या दिवशी सही करते म्हणून सांगितलं. म्हणजे मी गप्प बसले असते तर झालं होतं. मोरी कुणाला माहीत नव्हती. झुडपं होती, ती आणखी माजली असती. रात्रभर मी स्वतःला हेच समजावत होते. एका गॅरेजचं पाणी ते काय, एवढ्या मोठ्या तलावात! समुद्रात मीठ जास्त झालं म्हणून कुणी ओरडतं का? पण तलाव म्हणजे समुद्र नव्हे, आणि एकाला वाट मिळाली की त्या वळणावर दुसरा येतो, तिसरा येतो. हे सगळं मीच गेलं वर्षभर सभांमध्ये नकाशावर काठी आपटून सांगत होते. सकाळी मुलगी उठली, स्वयंपाकघरात आली आणि नेहमीसारखी नळाला तोंड लावून पाणी प्यायला लागली. मी तिच्यावर अशी काही ओरडले की तिच्या हातातला ब्रश पडला. "भांडं घेत जा म्हणून सांगितलंय ना!" भांड्याचं काही नव्हतं. ती बिचारी रडकुंडीला आली.

ऑफिसात जाऊन मी रेघ सरकवली. वळणाशी ती रस्ता सोडून वर चढली, वखारीच्या मागून फिरली आणि पुन्हा रस्त्यावर आली. काम एवढंसं, चहा निवायच्या आत झालं. साहेबांना म्हटलं, "वळणाखाली मोरी सापडली, वरचं पाणी आत येतंय." फेसाचं बोलले नाही. त्यांनी स्वतः जाऊन खात्री केली, बाईंना दाखवली, आणि परत येऊन सगळ्या ऑफिससमोर माझी पाठ थोपटली. "शाब्बास रेघबाई! याला म्हणतात डोळ्यांत तेल घालून काम करणं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता दादाला सांगायचं राहिलं. नकाशा भिंतीवर लागायला आणि सुनावणीला अजून अवकाश होता. तोवर वखारीत आणखी एक वीटही लागू द्यायची नाही, हे मनाशी पक्कं करून मी त्याच दिवशी संध्याकाळी तिकडे गेले. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. दादा, माझं चुकलं, काम थांबव. एवढंच तर होतं.

दादा शिडीवर होता. छताला पत्रे चढवायचं चाललं होतं. मी पत्र्याचं टोक धरायला गेले तर वरून ओरडला, "तू बाजूला हो! हात कापेल. नकाशे काढायचे हात आहेत ते." वहिनीने पिंपावर बसायला लावलं, चहा हातात दिला. म्हणाली, "खरं सांगू का? मी तुला फार बोलत होते मनातल्या मनात. ऑफिसात बसलीय, भावासाठी काडी हलवत नाही, म्हणून. चुकले हं मी." तिचे डोळे भरून आले होते. ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. मी चहा प्याले. "छान झालंय सगळं," म्हटलं आणि घरी आले.

उद्या सांगते, म्हटलं. उद्या मुलीला ताप आला, परवा पाहुणे आले. मग दादाचा फोन आला की मी उचलेनाशी झाले. खाई त्याला खवखवे. त्याला वाटायचं, सुनावणी जवळ आलीय, हिला काम फार असेल. मुलीच्या हाती निरोप पाठवायचा, "आईला म्हणावं जेवत जा वेळेवर."

आमच्याकडे नकाशा सुनावणीच्या दिवशी सकाळी सभागृहाच्या भिंतीवर लागतो. लोक बघतात आणि दुपारपासून आपलं म्हणणं मांडतात. तो मीच लावला.  दादा आला इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनीला घेऊन. मला बघून लांबूनच हात केला. मग गर्दीतून वाट काढत नकाशाशी गेला, रस्ता शोधला, रस्त्यावरून बोट नेत नेत वळणावर आला. त्याचं ग्रीसने काळं झालेलं नख मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होतं. बोट वळणावर थांबलं. रस्त्यावरून वर गेलं, वखारीच्या मागून फिरलं, खाली आलं. त्याने पुन्हा एकदा पहिल्यापासून बोट फिरवलं. मग हात खिशात घातला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. वहिनीने बघितलं.

सुनावणीला अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते. चष्मा कपाळावर, आवाज बारीक, पण कुणाला फाटे फोडू द्यायचे नाहीत. दादाची पाळी आली. त्याने उभं राहून वखार दाखवली. म्हणाला, "नवीन बांधलंय. मुदत जरा वाढवून मिळाली तर बरं. बाकी काही म्हणणं नाही."

तेवढ्यात रंगाचा गोदामवाला उठला. त्याचं गोदाम दादाच्या जुन्या गॅरेजला लागूनच, त्यालाही हलायचं होतं, त्यामुळे पित्त खवळलेलं. "मला एक कळत नाही," तो म्हणाला. "आम्ही सगळे रेघ कुठे येते म्हणून हातावर हात ठेवून बसलो. हे महाशय मात्र आधीच उठून रस्त्याच्या वर गेले. रस्त्याच्या वर जायचं हे यांना कुणी सांगितलं? बहीण तर नकाशे काढते ना यांची!"

सभागृहात कुजबुज झाली. साहेबांनी माझ्याकडे वळून बघितलं. अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"गंभीर आहे हे," ते म्हणाले. "नकाशा आधी फुटला असेल तर मला तो रद्द करावा लागेल. सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. आणि फोडणाऱ्याची नोकरी राहणार नाही, ते वेगळंच. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, साहेब," दादा म्हणाला. "माझा अंदाज. रस्त्याच्या वरचं पाणी पलीकडे जातं असं वाटलं. चुकला अंदाज."

तोच आवाज. माझ्या हातून पडलं. मी खुर्चीत बसले होते आणि पुन्हा आतल्या खोलीत कान झाकून बसल्यासारखं वाटत होतं, फक्त या वेळी बरं वाटत नव्हतं. मी उठले. नोकरी, नकाशा, तलाव, काही डोक्यात नव्हतं. एवढंच होतं की आता पुरे.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "अध्यक्षसाहेब, दादाला मी सांगितलं. वरच्या बाजूला जा म्हणून."

 आणि दादा हसला. तेच त्याचं हसू.

"साहेब, हिचं मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "हिला लहानपणापासून ही सवय आहे. मी काही फोडलं की ही पुढे होऊन म्हणायची, मी फोडलं. माझ्या वाटचा मारसुद्धा खाल्लाय हिने. आमच्या वडिलांचा हात फार जड होता."

लोक हसले. एक म्हातारी बाई तर "अगं बाई!" म्हणाली.  दादा पुढे झाला आणि त्याने नकाशावर वळणावर बोट ठेवलं.

"आणि साधा विचार करा ना. ही रेघ हिने काढलीय. हिने मला सांगितलं असतं तर मी रेघेच्या आत कशाला जाऊन बसलो असतो? स्वतःच्या भावाला कुणी खड्ड्यात ढकलतं का?"

अध्यक्षांनी नकाशा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा सैल पडला. "बरोबर आहे," म्हणाले. गोदामवालासुद्धा ओशाळून खाली बसला. "बाई, तुमच्या भावना समजल्या. बसा आता."

"पण मी खरंच..." मी म्हटलं.

"बसा," आमच्या साहेबांनी मला हाताने खाली ओढलं. "काय येड्यासारखं करताय!" त्यांच्याही डोळ्यांत कौतुक होतं. पुढचं नाव पुकारलं गेलं.

नकाशा मंजूर झाला. वळणावरच्या रेघेसकट.

सुनावणीनंतर दादा बाहेर पायऱ्यांशी उभा होता. वहिनी पुढे रस्त्यापर्यंत जाऊन आमच्याकडे पाठ करून थांबली होती. मी त्याच्याजवळ गेले. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून सगळंच बोलले. मोरीचं, झुडपाचं, गुलाबी फेसाचं, बाईंना चिखल आहे म्हणून सांगितल्याचं.

तो नीट ऐकत होता. मध्येच म्हणाला, "म्हणजे मोरी मीच दाखवली तुला. जीप धुऊन." आणि स्वतःशीच हसला. मग विचारलं, "रेघ आता बरोबर आहे ना? नक्की?"

"नक्की."

"मग झालं तर."

"दादा, मला तुझी क्षमा..."

"ते राहू दे." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "जीप धुतली तेव्हा छत नव्हतं. पत्रे नव्हते, पाटी नव्हती, कोपऱ्यातली खोली नव्हती. तू त्या दिवशी चहा पिऊन गेलीस."  "लहानपणी काही फुटलं की धावत यायचीस माझ्याकडे. आधी माझ्याकडे यायचीस. या वेळी नाही आलीस."

एवढं बोलून तो वहिनीकडे गेला. मला ओरडला असता, दोन ठेवून दिल्या असत्या तर मी पाया पडले असते त्याच्या.

रविवारी मी वखारीवर गेले. कुणी बोलावलं नव्हतं. पत्रे उतरवायचं चाललं होतं. काँक्रीट तर उचलून नेता येत नाही, पण पत्रे, दारं, रॅम्पचं लोखंड दुसरीकडे लागू शकतं. दादा वर होता, बोल्ट काढत होता. त्याने मला बघितलं आणि पुन्हा बोल्टला पाना लावला. मी तशीच उभी राहिले. बाजूला हो म्हणून तो ओरडेल याची वाट बघत होते.

वरून एक पत्रा सुटला आणि खाली सरकत आला. वहिनीने त्याचं एक टोक धरलं. दुसरं टोक हवेत होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

"धर की," ती म्हणाली. "ह्यांच्या चुका अंगावर घ्यायची सवय आहे ना तुला."

मी धरला. पत्रा उन्हाने तापला होता. दादा वर बोल्ट काढत होता, आणि त्याने खाली बघितलं, पण बाजूला हो असं काही म्हटलं नाही.